निकालानंतरची वाट

आपल्या देशात संघराज्य असूनही न्यायसंस्था एकच राहील, असे डॉ. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत स्पष्ट केले होते. अमेरिकेची रीत निराळी. तेथे प्रत्येक राज्याची न्यायालये वेगळी आणि संघराज्याची वेगळी. घटनेने दिलेल्या हक्काला बाध आला, की नागरिकाला संघ-न्यायालयाचे दार ठोठावता येते. तळाशी ९४ जिल्हा न्यायालये, त्यांवर १३ अपील न्यायालये, शिखरावर नऊ न्यायमूर्तींचे सर्वोच्च न्यायालय. राष्ट्राध्यक्ष न्यायाधीश नेमतो, सिनेट संमती देते. पुढे सर्वसाधारणपणे सद्वर्तन असेतोवर त्यांना कोणी हलवू शकत नाही. राज्यांतील पुष्कळ न्यायाधीशांना मात्र मते मागत हिंडावे लागते! अल्पसंख्याकाने कोणाकडे धाव घ्यावी, हे सांगावयास नको.

तरीही शिखरावरचा निकाल पायथ्यापर्यंत आपोआप उतरत नाही. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविला. १९५५ साली त्याची अंमलबजावणी प्रामुख्याने जिल्हा न्यायालयांवर सोपविली, परंतु निश्चित मुदत घातली नाही. माझ्या मते घोडे तेथेच अडले. विरोधकांना वेळ हवा होता, तो मिळाला. १९५७ साली लिटल रॉक येथे नऊ कृष्णवर्णीय मुलांना शाळेत पोहोचविण्यासाठी राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांना सैन्य धाडावे लागले. न्यायालयापाशी स्वतःची फौज नसते. मुले वर्गात बसली. पुढे राज्याच्या गव्हर्नरने १९५८-५९ चे सारे वर्ष त्या शहरातील सरकारी माध्यमिक शाळाच बंद ठेवविल्या.