भाषा मंडळे आणि भित्तिपत्रे : शाळा समितीपुढे मागणीपत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, शाळा समिती, आणि मा. मुख्याध्यापक

विषय : जर्मन, फ्रेंच व जपानी भाषा मंडळांना आणि त्यांच्या भित्तिपत्रांना नियमित स्थान देण्याबाबत.

महोदय,

आठवी ते बारावीच्या वर्गांत या भाषा शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या तिन्ही मंडळांनी संयुक्त बैठकीत हे मागणीपत्र मंजूर केले आहे. यातल्या बहुतेक गोष्टी आम्ही याआधी तोंडी मांडल्या. ‘गॅदरिंग होऊन जाऊ दे’, ‘परीक्षा झाल्यावर बघू’ अशी उत्तरे मिळाली. आता मागणी लेखी आहे आणि उत्तरही लेखीच हवे आहे.

परदेशी पाहुणे आले की मंडळांची आठवण होते. जपानीचे विद्यार्थी स्वागतगीत म्हणतात, जर्मनचे विद्यार्थी पाहुण्यांना शाळा दाखवतात, फोटो प्रवेशाच्या माहितीपत्रकावर छापला जातो. पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर पडली की त्याच मंडळांना बसायला जागा नसते. दर शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर एक तास, एक ठरलेली खोली मंडळांना द्यावी. तिन्ही मंडळे ती आलटून पालटून वापरतील. खोली दुसऱ्या कामासाठी लागणार असेल तर दोन दिवस आधी सांगावे.

भाषाशिक्षक तासिका तत्त्वावर आहेत. तास संपला की त्यांचे मानधन संपते, तरी मंडळाचे काम ते करतातच, आणि ते कुठल्याही हिशेबात धरले जात नाही. पुढच्या वर्षी ते असतील की नाही हेही कोणाला माहीत नसते. शिक्षक बदलले की मंडळ पुन्हा शून्यापासून सुरू होते. प्रत्येक मंडळाच्या मार्गदर्शक शिक्षकाला आठवड्याला एक तासिका मंडळाच्या कामाची म्हणून धरावी आणि तिचे मानधन नेहमीच्या दराने द्यावे. ही मागणी शिक्षकांनी आम्हाला सुचवलेली नाही. त्यांच्या फुकटच्या श्रमावर आमचे मंडळ चालावे हे आम्हालाच मान्य नाही.

भित्तिपत्राचा फलक जिन्याजवळ आहे. जूनमध्ये त्यावर प्रवेशाचा फ्लेक्स लागतो, तो बरेचदा दिवाळीपर्यंत उतरत नाही. 6 फूट बाय 4 फुटांचा एक फलक भाषा मंडळांसाठी राखून ठेवावा. वर्षात सहा अंक निघतील, प्रत्येक भाषेचे दोन : जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. सहामाही परीक्षा आणि दिवाळीची सुटी यांचे महिने आम्हीच वगळले आहेत. ‘हाताने लिहिलेला कागद कोण वाचणार’ असे कार्यालयात ऐकवले जाते. मार्च 2011 च्या त्सुनामीत छपाईयंत्र बंद पडले तेव्हा जपानमधील इशिनोमाकी शहराच्या स्थानिक दैनिकाने सलग सहा दिवस मोठ्या कागदांवर मार्करने बातम्या लिहून त्या निवारा केंद्रांत लावल्या. लोकांनी त्या वाचल्या.

सर्वांत जुनी तक्रार मंजुरीची आहे. मजकूर आधी कार्यालयात द्यावा लागतो. तिथे जर्मन किंवा जपानी वाचणारे कोणी नाही, म्हणून तो फायलीत पडून राहतो. गणेशोत्सवावर फ्रेंचमध्ये लिहिलेला अंक नाताळच्या सुटीआधी परत आला. कोपऱ्यात पेन्सिलीने ‘मराठी भाषांतर जोडावे’ एवढेच लिहिले होते. ढोलपथकावरचा लेख डिसेंबरात लावून उपयोग काय? यावर आमचा प्रस्ताव असा. प्रत्येक लेखाखाली पाच ओळींचा मराठी सारांश आम्ही देऊ. भाषा न शिकणाऱ्या मुलांनाही तो वाचता येईल. मजकुराची जबाबदारी मार्गदर्शक शिक्षकांची राहील. कार्यालयाची हरकत असेल तर ती कामाच्या तीन दिवसांत, लेखी आणि कारणासह कळवावी. न कळवल्यास अंक लागेल. कोणाची बदनामी, पक्षीय प्रचार, जाहिराती आणि संमतीशिवाय विद्यार्थ्यांचे फोटो छापणार नाही, ही अट आम्ही स्वतःवर घालून घेत आहोत.

ही मागणी अवाजवी नाही. फ्रान्समध्ये 6 मार्च 1991 च्या शासकीय परिपत्रकाने लिसेच्या, म्हणजे उच्च माध्यमिक शाळेच्या, विद्यार्थ्यांना आपले पत्र पूर्वपरवानगीशिवाय शाळेत वाटण्याची मोकळीक दिली. ते नियम पुण्यात लागू नाहीत हे उघड आहे. आम्ही त्याहून बरेच कमी मागत आहोत.

वाचनाचे बोलायचे तर ग्रंथालयात या तीन भाषांतले पाठ्यपुस्तकाबाहेरचे एक पानही नाही. विषय ‘स्कोअरिंग’ म्हणून घेतला जातो अशी टीका शिक्षक खोलीत होते. गुणांपलीकडचे वाचायला मिळाले तर ती कमी होईल. शिकाऊंसाठी सोप्या बातम्या फुकट मिळतात. डॉइच वेले संथ गतीने वाचलेल्या जर्मन बातम्या देते, फ्रान्सच्या आरएफआय रेडिओवर सोप्या फ्रेंचमधले बातमीपत्र असते, एनएचके सोप्या जपानीत बातम्या देते. शाळेत मोबाइलला बंदी आहे आणि ती आम्ही पाळतो. म्हणून संगणक कक्ष दर बुधवारी मधल्या सुटीत आमच्यासाठी उघडा ठेवावा. तिथल्या संगणकांवर या तिन्ही भाषांचे कीबोर्ड सुरू करून द्यावेत. विंडोजमध्ये ते आधीपासून असतात, विकत घ्यावे लागत नाहीत. सध्या जर्मन मजकूर छापून झाल्यावर अक्षरांवरची दोन टिंबे आम्ही पेनाने देतो.

मॅक्स म्युलर भवन आणि आलियांस फ्रान्सेज या दोन्ही संस्था पुण्यातच आहेत. जुनी मासिके किंवा वाचकांसाठीच्या सवलती मिळतील का, अशी विचारणा करणारे मुख्याध्यापकांच्या सहीचे पत्र द्यावे. ते पोचवण्याचे काम आम्ही करू.

खर्च. प्रत्येक अंकासाठी 500 रुपये, म्हणजे सहा अंकांचे 3,000. नियतकालिकांसाठी प्रत्येक भाषेला 3,000, म्हणजे 9,000. मानधन वगळता एकूण 12,000 रुपये वर्षाला. ही रक्कम सत्र शुल्कातून द्यावी, कारण ते आमच्याच उपक्रमांसाठी घेतले जाते. पावत्यांसह हिशेब प्रत्येक सत्राच्या शेवटी सादर केला जाईल.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये माध्यमिक टप्प्यावर जपानी, फ्रेंच, जर्मन यांसारख्या भाषा उपलब्ध करून देण्याचे म्हटले आहे, आणि शाळेच्या माहितीपत्रकात त्याचा उल्लेख आहे. त्यामुळे वरील व्यवस्था एका वर्षासाठी प्रयोग म्हणून मान्य करायला हरकत नसावी. फलक, खोली आणि कीबोर्ड यांना पैसे लागत नाहीत. ते याच महिन्यात व्हावे. मानधन आणि निधी यांचा निर्णय शाळा समितीच्या पुढील सभेत घ्यावा. त्या सभेत प्रत्येक मंडळाच्या एका प्रतिनिधीला दहा मिनिटे म्हणणे मांडू द्यावे.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास हेच मागणीपत्र पालक-शिक्षक संघाच्या सभेत ठेवले जाईल. तोवर येत्या परदेशी पाहुण्यांच्या स्वागताची जबाबदारी मंडळे घेणार नाहीत.

आपले,
जर्मन, फ्रेंच व जपानी भाषा मंडळांचे विद्यार्थी प्रतिनिधी