हप्ता आधी, घर नंतर

चंडीगडच्या इंडस्ट्रियल एरियात, नट-बोल्ट तयार करणाऱ्या एका कारखान्याबाहेरच्या चहाच्या टपरीवर, गेल्या हिवाळ्यात एका यंत्रचालकाने मला आपल्या मोबाइलवरचे बँकेचे संदेश दाखवले. सात तारखेला १७,५०० रुपये पगार जमा झाला होता. आठ तारखेच्या संध्याकाळपर्यंत चार हप्ते आपोआप वळते झाले होते. बहिणीच्या लग्नासाठी काढलेल्या व्यक्तिगत कर्जाचे ५,२००, मोटारसायकलचे ३,४००, मुलाच्या आजारपणात एका ॲपवरून घेतलेल्या कर्जाचे २,६०० आणि मोबाइलचे १,९००. एकूण १३,१००. खात्यात उरले ४,४०० रुपये. ज्या खोलीत त्याचे चौघांचे कुटुंब राहते, तिचे भाडे, वीज आणि पाणी यांनाच साडेचार हजार लागतात.

हा मनुष्य उधळ्या नाही. तो हिशेबाची वही ठेवतो. मी ती पाहिली. पत्नीची पॅकिंगच्या कामातली ८,५०० रुपयांची मिळकत, किराणा, गॅसचा सिलिंडर, शाळेची फी, गावी आईला पाठवायचे पैसे, सारे पानोपान नीट मांडलेले होते. ‘‘वही मी लिहितो साहेब,’’ तो म्हणाला, ‘‘पण पहिल्या चार ओळी मोबाइलच लिहून टाकतो.’’ कर्जफेडीविषयी आपल्याकडे जी चर्चा चालते, तिच्यात नेमकी हीच गोष्ट सुटते. महिन्याचे अंदाजपत्रक पाळणे हा स्वभावाचा आणि शिस्तीचा प्रश्न आहे, असे आपण धरून चालतो. वास्तविक तो रांगेचाही प्रश्न आहे. पगार जमा झाल्यावर त्यावर पहिला हात कोणाचा, घराचा की सावकाराचा, हे आधी ठरते. शिस्तीची पाळी त्यानंतर येते.

त्याच्या मोटारसायकलीचेच पाहा. ल कार्बूझिएच्या आराखड्यात चंडीगडचे उद्योगक्षेत्र शहराच्या पूर्वेला, वस्तीपासून हरित पट्ट्याने अलग केलेले आहे. तेथे राबणाऱ्यांनी राहायचे कोठे, याचे पुरेसे उत्तर त्या आराखड्यात नव्हते. म्हणून कारखान्यांच्या कडेने झोपड्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. त्यांपैकी कॉलनी क्रमांक ४ ही १ मे २०२२ रोजी, म्हणजे कामगार दिनीच, पाडण्यात आली. पूर्वी पायी कामावर जाणारा हा गृहस्थ आता शहराच्या पश्चिम टोकाला, मलोया भागात, भाड्याने राहतो. पाळी संपवून रात्री घरी परतायचे तर स्वतःचे वाहन हवे. वैयक्तिक अर्थनियोजनाच्या पुस्तकात मोटारसायकल कदाचित ‘इच्छा’ या सदरात जाईल. त्याच्या वहीत ती कामाच्या अवजारासारखी आहे.

अलीकडे सर्वत्र सांगितला जाणारा एक नियम असा: उत्पन्नाचे ५० टक्के गरजांवर, ३० टक्के इच्छांवर आणि २० टक्के बचत व कर्जफेडीसाठी. एलिझाबेथ वॉरन यांनी आपल्या कन्येसह २००५ मध्ये लिहिलेल्या पुस्तकाने तो लोकप्रिय केला. या वॉरन बाई पेशाने दिवाळखोरीच्या कायद्याच्या प्राध्यापक होत्या. सामान्य अमेरिकन कुटुंबे दिवाळखोरीत का जातात, याचा त्यांनी अनेक वर्षे अभ्यास केला. आणि आजारपण, नोकरी जाणे व संसार मोडणे ही कारणे चैनीपेक्षा कितीतरी मोठी असल्याचे त्यांना आढळले. त्यांच्या देशात १९६८ च्या कायद्याने सामान्य कर्जासाठी पगारातून किती रक्कम जप्त करता येईल यावर मर्यादा आहे. १९७८ च्या कायद्यानुसार तर ‘हप्ते आपोआप वळते करून घेण्यास संमती दिलीस तरच कर्ज देतो’ अशी अट ग्राहकाला घालता येत नाही. आपण ५०-३०-२० चा नियम उचलला. त्याच्या पाठीशी असलेला कायदा मात्र आणला नाही.

अर्थात, आपल्याकडे असा कायदा नव्हता असे नाही. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० पाहावे. मजूर व घरकामगार यांच्या मजुरीवर त्यात जप्ती आणता येत नाही. पगारदाराच्या बाबतीत पोटगीखेरीज अन्य हुकूमनाम्यासाठी पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्या पगाराचा दोन-तृतीयांश भाग जप्तीमुक्त आहे. आपल्या यंत्रचालकाला पगारदार धरले, तरी धनको न्यायालयात जिंकून त्याच्या १७,५०० रुपयांतून फार तर ५,५०० रुपये नेऊ शकेल. १२,००० घरी येतील. १९७६ च्या दुरुस्तीने तर हे संरक्षण सोडून देण्याचा करारच रद्दबातल ठरवला. गरजवंताकडून कोणत्याही कागदावर सही घेता येते, हे त्या वेळच्या कायदेकर्त्यांना ठाऊक होते.

आज न्यायालयात जावेच लागत नाही. कर्ज घेतानाच ऑटो-डेबिटची संमती घेतली जाते. कायद्याच्या भाषेत ही जप्ती नाही. म्हणून कलम ६० तिला लागत नाही. परिणामी, न्यायाधीशाला ५,५०० च्या पुढे जे नेता आले नसते, ते संगणक १३,१०० पर्यंत नेतो. खात्यात पैसे नसतील तर हप्ता परत जातो. बँकेचा दंड वेगळा, कर्ज देणाऱ्याचा वेगळा. गेल्या पावसाळ्यात कारखान्याला काम कमी होते, ओव्हरटाइम मिळाला नाही, तेव्हा याचे दोन हप्ते परत गेले आणि त्या महिन्याच्या वहीत सुमारे दोन हजार रुपये नुसत्या दंडाचे आहेत. २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ नुसार असे इलेक्ट्रॉनिक देणे न वटणे हा दोन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र गुन्हाही ठरू शकतो. वसुलीच्या पत्रात त्या कलमाचा उल्लेख आला की, माणूस मुलाची फी थांबवतो आणि हप्ता भरतो.

मराठी वाचकाला हे चित्र अनोळखी वाटू नये. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरणगावात पगाराच्या दिवशी फाटकाबाहेर काठी घेतलेला पठाण उभा असे. रुपयाला महिना एक आणा हा दर सर्रास असे; म्हणजे वर्षाला ७५ टक्के. मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने फिंडले शिरास यांच्या हातून गिरणी कामगारांच्या घरखर्चाची पाहणी करवली आणि तिचा अहवाल १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १९३१ मध्ये व्हिटली आयोगाने बहुतेक औद्योगिक केंद्रांत किमान दोन-तृतीयांश कामगार कर्जबाजारी असल्याचे आणि बहुतेकांचे कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून अधिक असल्याचे नोंदवले. आयोगाने कामगारांना काटकसरीचे धडे देण्यावर समाधान मानले नाही. लहान पगार जप्तीमुक्त करावेत, कर्जासाठी कामगाराला तुरुंगात टाकणे बंद करावे आणि वसुलीसाठी कारखान्याच्या फाटकाला घेराव घालणे हा दखलपात्र गुन्हा ठरवावा, अशा त्याच्या शिफारशी होत्या. बंगालने १९३४ मध्ये आणि मध्य प्रांताने १९३७ मध्ये त्या दिशेने कायदे केले. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याच्या सातव्या कलमात पुढे पगारातील एकूण कपातीवर सर्वसाधारणपणे निम्म्याची मर्यादा आली. २०१९ च्या वेतन संहितेतही ती कायम आहे. परंतु ही मर्यादा मालकाने करावयाच्या कपातीपुरती. पगार बँकेत पडला की तिचे काम संपते. फाटकावरचा पठाण हटवला. आता वसुली फाटकावर न थांबता थेट खात्यात होते.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, वसुलीवर बंधने आणली तर गरिबाला कर्जच मिळणार नाही. तो पोकळ नाही. पंजाबचा इतिहासच त्याची साक्ष देतो. १९०० च्या जमीन हस्तांतरण कायद्याने बिगरशेती सावकाराचा जमिनीवरचा हात आखडला, तेव्हा त्याची जागा काही अंशी शेतकरी सावकाराने घेतली. त्या प्रांतात सनदी सेवेत असलेले माल्कम डार्लिंग यांनी १९२५ च्या आपल्या ग्रंथात आणखी एक मार्मिक गोष्ट दाखवली: कर्ज दारिद्र्याने वाढते तसे समृद्धीनेही वाढते, कारण जमिनीचा भाव चढला की पत चढते आणि पत चढली की देणारे दारी येतात. आजच्या मासिक पगाराला तेच स्थान आले आहे. बँकेत नियमित जमा होणारा पगार हीच या यंत्रचालकाची जमीन, आणि तिच्यावर चार जणांनी बोजा चढवला आहे. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२५ च्या वित्तीय स्थैर्य अहवालानुसार देशातील कुटुंबांचे कर्ज सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे ४२ टक्के झाले असून, त्यात निम्म्याहून अधिक वाटा गृहकर्जाखेरीज अन्य किरकोळ कर्जांचा आहे. कर्ज मिळत नाही ही या कुटुंबाची अडचण नाही. आधीचे किती चालू आहे हे न पाहता ते मिळते, ही अडचण आहे.

रिझर्व्ह बँकेला हे कळत नाही असेही नाही. १ एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या सूक्ष्मकर्जाच्या नियमांत तीन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबाचे सर्व कर्जांचे मासिक हप्ते मिळून उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपेक्षा अधिक होऊ नयेत, असे बंधन आहे. तत्त्व योग्य आहे. त्यात एकट्या कर्जदाराकडे न पाहता सबंध घराकडे पाहिले आहे. पण आपल्या कुटुंबाचे मासिक उत्पन्न २६,००० आहे, म्हणजे वर्षाला ३,१२,०००. महिन्याला अवघ्या एक हजार रुपयांनी ते या छत्राबाहेर पडते. त्यांचे हप्ते १३,१०० आहेत. ती मर्यादा त्यांना लागू असती, तर चौथे कर्ज मिळालेच नसते.

आणि हे घर कोलमडलेच तर? २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने कंपन्यांना कालबद्ध मार्ग दिला. तिच्याच तिसऱ्या भागात व्यक्तींसाठीही तरतूद आहे. अगदी गरिबांसाठी कर्जमुक्त होऊन ‘नवा आरंभ’ करण्याची प्रक्रियाही आहे. परंतु तो भाग आजवर केवळ कंपन्यांच्या कर्जांना वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता, १ डिसेंबर २०१९ पासून, अमलात आला. सामान्य कर्जदाराच्या वाट्याला १९२० चा प्रांतिक नादारी कायदा, आणि मुंबई शहरात १९०९ चा. ‘नव्या आरंभा’ची पात्रता वार्षिक ६०,००० रुपये उत्पन्न व ३५,००० रुपये कर्ज इतकी तुटपुंजी आहे की, तो लागू केला तरी कोणाच्या उपयोगी पडेल याची शंका वाटते. अविभाजित पंजाबने १९३४ च्या ऋणमुक्ती कायद्यात तडजोड मंडळे आणली आणि आपल्याकडे चालत आलेला दामदुपटीचा दंडकही स्वीकारला. नव्वद वर्षांनंतर यंत्रचालकाला बसून बोलण्यासाठी तेवढेही मंडळ नाही.

मग करावे काय? कुटुंबाने करण्यासारखे थोडे आहे, पण ते करावे. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांसोबत सर्व शुल्के धरून वार्षिक दर सांगणारे तथ्यपत्रक देणे बंधनकारक आहे. ते मागून घ्यावे आणि सर्वांत महाग कर्ज आधी फेडावे. एक हप्ता भरण्यासाठी दुसरे कर्ज घेऊ नये. शक्य तेथे सहकारी पतसंस्थेचे सभासद व्हावे. महाराष्ट्रातील पगारदार पतसंस्थांनी हे काम अनेक दशके केले आहे, इंडस्ट्रियल एरियात त्या जागी केवळ ओळखीपाळखीची ‘कमेटी’, म्हणजे आपली भिशी, आहे.

शासनाने करावयाच्या गोष्टी चार आहेत. सर्व कर्जांचे हप्ते मिळून कौटुंबिक उत्पन्नाच्या निम्म्याची मर्यादा तीन लाखांच्या रेषेवर न थांबवता वर न्यावी. ज्या खात्यात पगार येतो, त्यातून कलम ६० ने राखून ठेवलेला भाग ऑटो-डेबिटलाही अस्पृश्य असावा. व्यक्तींच्या नादारीचा भाग, रकमा आजच्या काळाला साजेशा करून, अमलात आणावा. आणि चौथी गोष्ट चंडीगडशीच संबंधित आहे. औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक काढणाऱ्या केंद्रीय श्रम ब्युरोचे कार्यालय याच शहरात आहे. निर्देशांकाच्या टोपलीत अन्न, कपडे, घर, इंधन सारे आहे. कर्जाचा हप्ता हा उपभोग नसल्याने तो नाही. शास्त्राच्या दृष्टीने ते बरोबर आहे. पण महागाई भत्ता ज्या टोपलीवर ठरतो, तिच्यात या वहीतल्या पहिल्या चार ओळीच नाहीत. निर्देशांकात नको, निदान स्वतंत्र पाहणीत तरी ब्युरोने त्या नियमित मोजाव्यात.

निरोप घेताना मी त्या गृहस्थाला विचारले, सगळी कर्जे कधी फिटतील. त्याने वहीचे शेवटचे पान उघडले. शेवटचा हप्ता ज्या महिन्यात संपतो, तो महिना त्याने लिहून ठेवला होता. आणखी सव्वीस महिने. मधल्या काळात कोणी आजारी पडले नाही, ओव्हरटाइम थांबला नाही आणि खोलीचे भाडे वाढले नाही, तर त्याचे अंदाजपत्रक बिनचूक आहे.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)