आवाजाचे दुखणे मोजायचे कोणत्या भाषेत?

घसा बसलेल्या शिक्षकाच्या स्वरयंत्रात डोकावून डॉक्टर स्वरतंतूवरची गाठ पाहू शकतो. त्या गाठीने शिक्षकाच्या वर्गाचे, घराचे आणि मिळकतीचे काय केले हे मात्र त्याला दिसत नाही. ते रुग्णालाच विचारावे लागते. याच हेतूने १९९७ साली अमेरिकेतील जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीस विधानांची एक प्रश्नावली सिद्ध केली. प्रत्येक विधानाला शून्य ते चार गुण, एकूण गुण १२०. व्यवहार, शरीर आणि भावना असे तिचे तीन भाग. पुढे ती अनेक भाषांत गेली. व्हिएतनामी भाषेत ती नेताना मात्र केवळ शब्दांचा प्रश्न उरत नाही.

अशा कामाची एक रूढ रीत आहे. दोघांनी स्वतंत्रपणे भाषांतर करावे, तिसऱ्याने मूळ न पाहता त्याचे उलट भाषांतर करावे, तज्ज्ञांनी ते ताडावे आणि मग काही रुग्णांवर पडताळावे. रीत चांगलीच आहे. परंतु उलट भाषांतर मुळाशी जुळले म्हणजे काम संपले, हा समज फसवा होय.

व्हिएतनामी ही सुरांची भाषा आहे. 'मा' हे एकच अक्षर सूर बदलताच भूत, आई, थडगे, घोडा किंवा भाताचे रोप होते. हनोईच्या बोलीत असे सहा सूर आहेत, दक्षिणेकडे पाच. त्यातही हनोईकडचे काही सूर केवळ उंच-नीच नसतात. त्यांत आवाज घशातच दाबावा वा क्षणभर तोडावा लागतो. म्हणजे नेमके दुखऱ्या स्वरतंतूंचेच काम! मराठी शिक्षकाचा घसा बसला तरी त्याचा घोडा घोडाच राहतो. संदर्भामुळे व्हिएतनामी श्रोताही बरेच सावरून घेतो, हे खरे. तरीही 'ऐकू येत नाही' आणि 'भलतेच ऐकू येते' या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, आणि इंग्रजी प्रश्नावलीला दुसरीची गरज भासली नव्हती.

मग नवे विधान घालावे काय? घातले तर इतर देशांच्या गुणांशी तुलना बिघडते. किंमत निर्देशांकाच्या टोपलीत नवी वस्तू घालताना पडणारा पेच तो हाच. मूळ बेरीज अबाधित ठेवून नव्या विधानांचे गुण वेगळे मांडणे, हाच त्यातल्या त्यात सरळ मार्ग दिसतो.

दुसरी अडचण 'मी' या शब्दाची. व्हिएतनामी माणूस समोरच्याच्या वयानुसार स्वतःला धाकटे भावंड, काका वा आजी म्हणवतो. शिक्षक वर्गात स्वतःला 'गुरुजी'च म्हणतो. छापील कागदावर 'तोय' हा तटस्थ 'मी' चालतो. परंतु तरुण परिचारिकेने वृद्ध रुग्णाला तीच विधाने वाचून दाखवायची झाल्यास नात्याचा शब्द आलाच, आणि आवाजापायी वाटणारी लाज नातीच्या वयाच्या मुलीपुढे कितीजण कबूल करतील?

राहिले मिळकतीचे विधान. आवाजामुळे उत्पन्न बुडते काय, असे प्रश्नावली विचारते. पगारी शिक्षकाचे वेतन घसा बसल्याने कापले जात नाही. तो प्रामाणिकपणे शून्य लिहील. फेरीवालीचा दिवस मात्र बुडतो, अर्थात तिने ध्वनिमुद्रित आरोळी लावली नसेल तर. व्हिएतनाममध्ये अनेक शिक्षक खाजगी शिकवण्याही करतात. तेव्हा तेथील शिक्षकाला उत्पन्न बुडाले का, याबरोबरच गेल्या महिन्यात किती शिकवण्या सोडाव्या लागल्या, हेही विचारलेले बरे.