आधी पाहणी, मग पाना

आपल्या व्यापारी बंधूंपैकी अनेकांच्या दारात आजही एखादी जुनी डिझेल पिकअप उभी असते. नव्या गाडीचा हप्ता झेपत नाही आणि जुनी निमूटपणे माल वाहते. मात्र गाडीखाली काळा डाग दिसू लागला की आपण दोनपैकी एक चूक करतो. एक तर "गळते तर गळू दे, वरून ओतत राहू" म्हणतो, नाही तर पहिल्याच मिस्त्रीच्या शब्दावर अर्धे इंजिन खोलू देतो. या दोन्ही चुका आम्ही केल्या आहेत, म्हणून हे चार शब्द.

आमची गाडी मालेगावहून भिवंडीला कोरे कापड नेते. वर्षभर इंजिनचे तेल गळत होते. ड्रायव्हरने मागे ताक्यांशेजारी तेलाचा कॅनच ठेवून दिला. एकदा कसारा घाटात तो कॅन कलंडला आणि तीन ताके गेले. पुढच्या पार्टीने डागी माल परत केला, तो आम्हाला चिंधीच्या भावात द्यावा लागला. जी दुरुस्ती टाळत होतो, तिच्याहून अधिक पैसे त्या एका फेरीत बुडाले.

मग घाईघाईने गॅरेज गाठले. मिस्त्री खाली वाकला. इंजिन आणि गिअरबॉक्स जेथे जुळतात तेथून थेंब पडत होता. "सेठ, क्रँकची मागची सील गेली. गिअरबॉक्स उतरवावा लागेल." उतरवला. सील बदलली, हात लागलाच आहे म्हणून क्लचप्लेटही बदलली. बारा हजार मोजले. पंधरा दिवसांत डाग पुन्हा त्याच जागी! तो मिस्त्री बेइमान होता असे आम्ही म्हणणार नाही. थेंब जेथे दिसला तेच त्याने सांगितले. पण तेल वरून खाली ओघळते आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे ढकलले जाते. थेंब कोठे पडतो यावरून ते कोठून निघते हे कळत नाही. सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची ओली जागा शोधावी लागते.

हे आम्हाला दुसऱ्या एका वयस्क उस्तादांनी शिकवले. पहिल्या दिवशी त्यांनी पान्याला हातच लावला नाही. डिझेल आणि ब्रशने इंजिन धुतले, हवा मारून कोरडे केले आणि संशयाच्या जागांवर पावडर भुरभुरली, साधी अंगाला लावायची! "राहूड घाटापर्यंत जाऊन या," म्हणाले. परत आल्यावर इंजिन थंड होऊ दिले आणि बॅटरीच्या उजेडात आम्हालाही दाखवले. खालच्या सांध्याच्या वर, थेट टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात पावडर काळी झाली होती. तेथून बारीक रेघ खाली उतरत होती. त्या कव्हराचे कॉर्कचे पॅकिंग उष्णतेने लाकडासारखे कडक झाले होते.

पॅकिंग बदलले की काम संपले, असे आम्हाला वाटले. उस्ताद म्हणाले, "थांबा, ते फाटले का ते पाहू." इंजिनात पिस्टनच्या रिंगांतून थोडा धूर नेहमीच खाली चेंबरमध्ये उतरतो. त्याला बाहेर जायला ब्रीदरची नळी असते. ती काजळी-तेलाने तुंबली की आत दाब वाढतो आणि तेल जेथे कमजोर जागा मिळेल तेथून बाहेर पडते. आमची नळी जवळजवळ बंद होती. ती साफ केली. मग इंजिन चालू ठेवून तेल भरण्याचे झाकण काढले. भकाभका धूर आला असता तर रिंगा झिजल्या असे समजायचे, आणि मग पॅकिंगवर केलेला खर्च वाया. आमच्या गाडीत नुसती वाफेसारखी झुळूक होती.

कव्हराचे बोल्टही त्यांनी बेताने आवळले. जोर लावला तर पत्रा वाकतो, पॅकिंग चेपते आणि गळती वाढते. सिलिकॉनचा लेप त्यांनी दोन कोपऱ्यांपुरताच लावला. जादा लेपाचे तुकडे आत सुटून तेलपंपाच्या जाळीत अडकतात. आपल्याकडे तर ट्यूब संपेपर्यंत लावणारे हात पुष्कळ!

आता खरा मुद्दा. या साऱ्याचे बिल साडेआठशे झाले. त्यातले पाचशे उस्तादांनी केवळ पाहणीचे लावले, तेव्हा आमच्या कपाळाला आठी पडली. नंतर स्वतःचीच लाज वाटली. कापडावर तेलाचा डाग आला तर आपला जॉबर सारा लूम खोलत नाही, आधी तेल कोठून टपकते ते पाहतो, आणि त्या नजरेसाठीच आपण त्याला पगार देतो. मोटार मिस्त्रीला मात्र आपण पाहण्याचा एक पैसा देत नाही. त्याची मजुरी खोलण्यातच असेल तर तो खोलणारच. ही सवय आपणच त्याला लावली आहे.

कोणी म्हणेल, पाहणीचे पैसे घेऊनही तो मोठेच काम काढील. काढू शकतो. म्हणून ओली जागा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय होकार देऊ नये. एवढी सावधगिरी आपण ताका मोजताना रोज बाळगतोच.

काही बाबतींत मात्र पाहणीचीही वाट पाहू नये. तेलाचा लाल दिवा लागला तर तेथेच इंजिन बंद करावे, कारण मग प्रश्न गळतीचा राहत नाही, क्रँक आणि बेअरिंगचा होतो. तेल तापलेल्या सायलेन्सरच्या नळीवर पडत असेल तरी गाडी काढू नये. पाठीमागे कापड आहे, आग लागायला वेळ लागत नाही.

आमच्या गाडीच्या पुढच्या सीलपाशी आजही थोडा ओलावा आहे. उस्ताद म्हणाले, थेंब धरेपर्यंत राहू द्या. शुक्रवारी लूम बंद असतात. त्या दिवशी सपाट जागी, इंजिन थंड असताना ड्रायव्हर पट्टी काढून तेल पाहतो आणि वहीत लिहितो. कॅन आता केबिनमध्ये, सीटखाली असतो.