हप्ता सोनगीरला, निर्णय संचालक मंडळात

तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या सोनगीरला ‘पत्रा कोणाचा, घाम कोणाचा आणि नफा कोणाचा’ हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. खानदेशात बायांच्या गटांना कर्जे देणाऱ्या सूक्ष्मवित्त कंपन्यांनाही तोच प्रश्न विचारला पाहिजे. चळवळीचे कार्यकर्ते मात्र दारी आलेल्या वसुली कर्मचाऱ्याशी हुज्जत घालून परततात. तो बिचारा पगारी नोकर! त्याचे उद्दिष्ट ठरते ते दूरच्या शहरातील संचालक मंडळात.

हैदराबादच्या एसकेएस मायक्रोफायनान्सचे उदाहरण बोलके आहे. गरिबांच्या सेवेचे व्रत सांगत जन्मलेली ही संस्था कंपनी झाली आणि ऑगस्ट 2010 मध्ये शेअरबाजारात उतरली. दोन महिनेही झाले नाहीत तोच मंडळाने मुख्य कार्यकारी अधिकारी सुरेश गुरुमणी यांना दूर केले. त्याच ऑक्टोबरात कर्जदारांच्या आत्महत्यांनी हादरलेल्या आंध्र सरकारने वसुलीला लगाम घालणारा वटहुकूम काढला. वरच्या खुर्च्यांतील त्या कलहात हप्ता भरणाऱ्या बाईला साक्षीदार म्हणूनही कोणी बोलाविले नाही.

मालेगाम समितीच्या 2011 च्या अहवालानंतर व्याजावर मर्यादा आली. रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2022 पासून ती उठविली आणि व्याजाचे धोरण मंडळांच्याच हाती सोपविले. मांजराला दुधाची राखण! ऑक्टोबर 2024 मध्ये याच बँकेला अवाजवी व्याजाच्या कारणावरून चार वित्त कंपन्यांचे नवे कर्जवाटप थांबवावे लागले. त्यांत दोन सूक्ष्मवित्त कंपन्या होत्या. जानेवारी 2025 पर्यंत चौघींवरील बंदी उठलीही.

सहकार हा यावर आपोआप उतारा ठरत नाही, हे जळगावकर जाणतात. भाईचंद हिराचंद रायसोनी पतसंस्थेत सभासदांना कायद्याने मत होते. तरीही 2015 मध्ये संस्थापकांसह संचालकांना अटक होईपर्यंत ठेवीदार अंधारात राहिले. ताळेबंद मागणारा सभासद नसेल तर मताचा कागदच उरतो.

म्हणून मंडळावर कर्जदार स्त्रियांनी निवडलेल्या प्रतिनिधी हव्यात, आणि मुख्य अधिकाऱ्याचा बोनस कर्जवाटपाच्या वाढीशी जोडण्यास कायद्याने मज्जाव हवा. तोवर पक्षशाखांनी घरोघरची कर्जपत्रके तपासावीत. व्याज आणि सर्व शुल्के कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत लिहून देणे कंपनीवर बंधनकारक आहे. सकाळी 9 पूर्वी व सायंकाळी 6 नंतर वसुलीचा तगादा लावता येत नाही. जेथे हे मोडले जाते तेथील तक्रार वसुलीच्या पोरावर नव्हे, सह्यांनिशी थेट संचालक मंडळाच्या अध्यक्षांच्या नावे धाडावी, आणि तिची प्रत रिझर्व्ह बँकेला द्यावी.