शिखरे आणि पायथा

अग्रगण्य विद्यापीठांनी आपली स्वतंत्र युती उभारावी, हा विचार जगात रुजला आहे. ब्रिटनमध्ये १९९४ साली स्थापन झालेल्या ‘रसेल ग्रुप’मध्ये आज २४ विद्यापीठे आहेत. चीनमधील नऊ विद्यापीठे २००९ मध्ये एकत्र आली. भारतानेही २०१७ मध्ये योजना आखून निवडक शासकीय संस्थांना प्रत्येकी एक हजार कोटी रुपयांपर्यंत निधी देऊ केला. शिखरे उंच असावीत, याविषयी दुमत नाही. प्रश्न पायथ्याचा आहे.

त्याच १९९४ साली, १७ सप्टेंबर या मराठवाडा मुक्तिदिनी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली या जिल्ह्यांची भिस्त त्याच्यावर आहे. ‘लातूर पॅटर्न’ने येथील मुलांची गुणवत्ता सिद्ध केली, पण बारावीनंतर ती पुण्या-मुंबईची वाट धरते. निधी, प्राध्यापक व प्रयोगशाळा मोजक्याच विद्यापीठांत एकवटल्या, तर ही गळती कायमची होईल.

म्हणून युती अवश्य व्हावी. मात्र प्रत्येक सदस्याने दूरच्या एका विद्यापीठाला सोबत घ्यावे, ही तिची अट असावी. प्राध्यापकांची देवाणघेवाण, प्रयोगशाळांचा सामायिक वापर आणि संशोधनाचे संयुक्त मार्गदर्शन यांतून हे साधेल. नांदेडनेही केवळ मागणी न करता कोरडवाहू शेती, गोदावरी खोऱ्याचे पाणी व मुक्तिसंग्रामाचा इतिहास या विषयांत स्वतःचा अधिकार निर्माण करावा. हिप्परग्यासारख्या खेड्यात राष्ट्रीय शाळेत शिकवणाऱ्या स्वामीजींनी विद्यादानासाठी महानगर शोधले नव्हते. त्यांचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाला आणि शासनालाही याचे विस्मरण होऊ नये.