थेंबाची साक्ष

स्तनांच्या कर्करोगाची वर्दी रक्ताच्या एका थेंबावरून देणारे जैवसंवेदक लवकरच हाती येणार, अशा वार्ता अलीकडे वारंवार वाचावयास मिळतात. आणि ज्या भारतात २०२२ या एका वर्षात या व्याधीचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण झाल्याचा अंदाज आहे, तेथील वाचक त्यांनी हरखून गेल्यास नवल नाही. कल्पना तशी जुनीच. क्लार्क आणि लायन्स यांनी १९६२ साली रक्तशर्करा मोजण्यासाठी एन्झाइम व विद्युदग्र यांची जी सांगड सुचविली, तिचाच हा विस्तार होय: एन्झाइमच्या जागी अर्बुदजन्य प्रथिनाला नेमके धरणारे प्रतिपिंड बसवावयाचे, आणि ते प्रथिन सापडताच प्रवाहात पडणारा सूक्ष्म फरक यंत्राने टिपावयाचा.

परंतु शर्करा प्रत्येकाच्या रक्तात विपुल असते. उलट सीए १५-३ हे बहुचर्चित अर्बुदजन्य प्रथिन रोगाच्या प्रारंभी बहुतेक स्त्रियांच्या रक्तात वाढतच नाही, आणि यकृताच्या विकारात मात्र वाढू शकते. जो साक्षीदार वेळेवर हजरच होत नाही, त्याच्या नावाचा पुकारा कितीही तल्लख यंत्राने केला तरी फैसला कसा व्हावा? शिवाय हिशेब आहेच. शंभर निरोगी स्त्रियांपैकी पंचाण्णवांना निर्दोष ठरविणारे यंत्रही हजारांत पन्नास जणींवर नाहक संशय घेते, आणि लक्षणे नसलेल्या हजार जणींत खरोखर रोगी अशा मोजक्याच असतात.

याउलट यंत्राविनाही काय साधते ते पाहा. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ साली मुंबईत आरंभिलेल्या प्रयोगात दीड लाखांहून अधिक स्त्रिया होत्या. त्यांतील निम्म्यांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, चार वेळा, केवळ हातांनी स्तनतपासणी केली, आणि वीस वर्षांच्या नोंदींनंतर २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, पन्नाशी व त्यापुढील स्त्रियांमध्ये या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटल्याचे आढळले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांना तसा लाभ दिसला नाही, हेही तेथे नमूद आहे. घट्ट ऊतींमुळे मॅमोग्राफीही याच वयात तोकडी पडते. तेव्हा संवेदकांचे खरे क्षेत्र हेच, आणि त्यांवरील संशोधनास सढळ तरतूद मिळावी, असे आमचे मत आहे.

मात्र मृत्यू घटतात की नाही, याच कसोटीवर हे संवेदकही उतरेपर्यंत सरकारने निर्मात्यांच्या आकड्यांवर विसंबून खरेदीस मंजुरी देऊ नये, आणि आरोग्यसेविकांच्या हस्तपरीक्षेची अंमलबजावणी जिल्ह्याजिल्ह्यांत करावी. वाचक भगिनींनीही हाताला गाठ लागल्यास कोणत्याही नव्या यंत्राची प्रतीक्षा न करता त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा.